आवाज फाटतो कुठे आणि सुधारतो कुठे

संगणकावर पहिल्यांदा इक्वलायझर (खर्जापासून टिपेपर्यंत आवाजाचा एकेक पट्टा वेगळा कमी-जास्त करायचं साधन) हाती लागला की आपण हमखास सगळे स्लायडर वर ढकलतो. मीही तेच केलं होतं. खर्जाचा वर, टिपेचा वर, मधले राहिले तर वाईट दिसतात म्हणून तेही वर. गाणं क्षणात भरदार झालं. दुसऱ्या कडव्यात गायिकेने आवाज चढवला आणि तो फाटला. मी स्पीकरची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली, स्पीकर हलवून पाहिला. पण बिघाड त्यात नव्हताच. तो आकड्यांत होता.

नंतर तेच गाणं मी ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडलं, तितकीच वाढ दिली, 16 बिटांच्या, म्हणजे सीडीसारख्या, फाइलमध्ये साठवलं आणि ती फाइल पुन्हा उघडून फाटलेल्या जागी झूम करत गेले. एका सेकंदाचा शंभरावा भाग पडदाभर पसरला तेव्हा लाट दिसली. खाली ती छान गोलाईने वळत होती, पण वर तिचा माथाच नव्हता. टेकडी छाटून पठार करावं तसा तो सपाट झाला होता. शेजारच्या प्रत्येक लाटेचं तेच.

असं का होतं ते कळायला आवाज संगणकात कसा ठेवतात ते पाहावं लागतं. हवेचा दाब क्षणाक्षणाला मोजायचा आणि आकडे लिहून ठेवायचे, एवढंच. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर हे मोजमाप सेकंदाला 44,100 वेळा केलेलं असतं, आणि प्रत्येक आकडा उणे 32,768 ते अधिक 32,767 यांच्या मध्ये बसावा लागतो. 44,100 हा आकडा मोठा वाटतो, पण त्यामागे गणित आहे. तरुण, निरोगी कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा, आवाज ऐकतो, आणि एखादी लाट नेमकी परत उभी करायची तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप लागतं. अभियंता हॅरी नायक्विस्टने 1928 मध्ये या विचाराचा पाया घातला आणि गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये तो सिद्धतेसह मांडला. आकडे तुटक असले तरी स्पीकरमधून बाहेर पडणारी लाट पायऱ्यापायऱ्यांची नसते, ती सलगच असते. डिजिटल आवाजाविषयीचे निम्मे गैरसमज या एका गोष्टीपाशी सुरू होतात.

आता माझे स्लायडर. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप; 6 डेसिबल वाढ म्हणजे आकडा जवळजवळ दुप्पट. 20,000 चे 40,000 झाले, पण चौकटीत जागा 32,767 पर्यंतच. वरचं सगळं कापलं गेलं. कापलेल्या लाटेत मूळ सुराशिवाय नवे सूर तयार होतात. 200 हर्ट्झचा शुद्ध सूर दोन्ही बाजूंनी सारखा छाटला तर त्यात 600, 1,000, 1,400 हर्ट्झ असे विषम पटीतले सूर येऊन बसतात. गायिकेने ते गायलेलेच नसतात. ‘आवाज फाटला’ हा आपला शब्द किती नेमका आहे ते मला त्या सपाट माथ्यांकडे बघताना पटलं.

हल्लीच्या संगणकाच्या पोटात आवाजाची आकडेमोड दशांश अपूर्णांकांत चालते, तिथे जागा भरपूर असते. अडचण येते ती शेवटी, आकडे ध्वनी-चिपच्या ठरलेल्या चौकटीत बसवताना. म्हणून प्रत्येक चांगल्या इक्वलायझरमध्ये प्रीअँप नावाचा, सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारा, एक स्लायडर असतो. त्याच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. सर्वांत जास्त वाढ 6 डेसिबल दिली असेल तर प्रीअँप उणे 6 वर आणायचा. आवाज लहान झाला असं वाटलं तर स्पीकरची कळ वर करायची.

याहून चांगली सवय म्हणजे वाढवण्याऐवजी कमी करणं. खर्ज हवा असेल तर बाकीचं थोडं खाली घ्या, नातं तेच राहतं आणि काहीही फाटत नाही. बोलणं डब्यातून आल्यासारखं वाटत असेल तर 300 ते 500 हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवून बघा. स आणि श कानाला टोचत असतील तर 5,000 ते 8,000 च्या दरम्यान कुठेतरी दोष सापडतो.

हे काम सॉफ्टवेअर करतं तरी कसं, याचं मला फार अप्रूप वाटतं. इक्वलायझरमधल्या एका गाळणीला (फिल्टरला) पाच आकड्यांची गरज असते: आत्ता आलेला, त्याआधीचे दोन, आणि तिने स्वतः दिलेली मागची दोन उत्तरं. प्रत्येकाला ठरावीक गुणकाने गुणायचं, बेरीज-वजाबाकी करायची, झालं नवं उत्तर. पाच गुणाकार, सेकंदाला 44,100 वेळा, म्हणजे एका गाळणीमागे 2,20,500 गुणाकार. आजच्या प्रोसेसरला याची जाणीवही होत नाही. गुणक बदलले की तीच गाळणी खर्ज उचलते, टीप मऊ करते किंवा एखादाच सूर अलगद खाली बसवते. त्यासाठी तिला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठल्या वारंवारतेवर, किती डेसिबल, आणि किती अरुंद पट्ट्यात. अरुंदपणाच्या आकड्याला क्यू म्हणतात. क्यू जितका मोठा, तितका पट्टा अरुंद.

या अरुंद गाळणीचा खरा उपयोग मला खोलीने शिकवला. माझी खोली 4 मीटर लांब आहे. संगणक एका टोकाला, आणि गाणी ऐकताना मी दुसऱ्या टोकाच्या भिंतीला खुर्ची टेकवून बसते. काही गाण्यांत बेस गिटारचा एकच सूर इतका घुमायचा की शब्द बुडायचे. ऑडॅसिटीत 40 हर्ट्झपासून 200 पर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर तयार करून लावला. ऐंशीच्या पुढे गेल्यावर आवाज एकदम फुगला, टेबलावरच्या चष्म्याच्या डबीला कंप सुटला, आणि शंभरच्या आत तो पुन्हा बसला. मग 86 हर्ट्झचा एकच सूर चालू ठेवला आणि खुर्ची पुढे ओढत नेली. भिंतीपासून मीटरभर पुढे आले तर सूर जवळजवळ नाहीसा! मागे सरकले की पुन्हा दणका.

आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 86 हर्ट्झच्या लाटेची लांबी त्यामुळे 4 मीटर, माझ्या खोलीइतकीच. अशी लाट दोन भिंतींमध्ये येरझाऱ्या घालताना स्वतःवरच बसते आणि जागच्या जागी उभी राहते. भिंतीपाशी दाब सर्वाधिक, भिंतीपासून पाव लांबीवर, म्हणजे मीटरभर अंतरावर, जवळजवळ शून्य. मी नेमकी सर्वाधिक दाबाच्या जागी कान ठेवून बसत होते. म्हणजे बेस गिटार जितकी वाजत होती, तितकीच माझी खोलीही वाजत होती.

इथे सॉफ्टवेअर कामाला येतं, पण एकाच बाजूने. फुगवटा कापता येतो. जिथे लाटा एकमेकींना मारून टाकतात तो खड्डा मात्र भरता येत नाही, कारण जितका जोर लावावा तितकी परतणारी लाटही जोरात येते. उलट स्पीकरवर नाहक ताण पडतो: 6 डेसिबल जास्त मागितले की आकडा दुप्पट होतो, पण अँप्लिफायरला वीज चौपट ओतावी लागते. शिवाय ही दुरुस्ती बसण्याच्या त्या एका जागेपुरतीच खरी असते. म्हणून आधी खुर्ची हलवा, स्पीकर भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर घ्या, त्याच्याखाली रबर किंवा फोम ठेवा. मग उरलेल्यासाठी गाळणी. नेमकं मोजायचंच असेल तर रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्रॅम आणि एक साधा मोजणीचा माइक पुरतो. संगणकभराच्या आवाजावर गाळणी बसवायला विंडोजवर इक्वलायझर एपीओ आहे, लिनक्सवर इझीइफेक्ट्स.

लॅपटॉपच्या स्पीकरची गोष्ट वेगळी. त्याचा पडदा नाण्याएवढा, आणि खर्ज म्हणजे भरपूर हवा पुढेमागे ढकलणं. तेवढी हवा त्याला हलवता येतच नाही, तिथे इक्वलायझर वाढवून नुसती खरखर मिळते. पण इथे मेंदू मदतीला येतो. जुना टेलिफोन 300 ते 3,400 हर्ट्झ एवढंच पोचवायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेवर यायचाच नाही. तरी पलीकडच्या माणसाचा जाड आवाज आपल्याला जाडच ऐकू यायचा. 300, 400, 500 हे पटीतले सूर कानावर पडले की त्यांचा मूळ 100 असणार हे मेंदू स्वतः ठरवतो आणि न वाजलेला सूर ‘ऐकतो’. लहान स्पीकरसाठीचे खर्ज वाढवणारे प्रोग्रॅम हेच वापरतात: खालचा सूर गाळून त्याच्या पटीतले सूर हलकेच मिसळतात. मूळ सूर वाजत नाही, पण तो वाजल्याचा भास अगदी खरा वाटतो.

हरवलेलं परत आणण्याचा दावा मात्र तपासून घ्यावा. सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला 1,411 किलोबिट लागतात, 128 किलोबिटच्या एमपी3 ला त्याचा अकरावा हिस्सा. मोठ्या आवाजाच्या आड जे बारीक सूर कानाला ऐकू येत नाहीत ते टाकून ही बचत केलेली असते, आणि टाकलेलं फाइलमध्ये कुठेही नोंदलेलं नसतं. अशी फाइल एफएलएसीमध्ये (काहीही न टाकता आवाज साठवणाऱ्या प्रकारात) किंवा सेकंदाला 96,000 नमुन्यांच्या, म्हणजे मोजमापांच्या, फाइलमध्ये बदलली की ती फुगते, सुधारत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हल्ली असंख्य ध्वनिमुद्रणांवर शिकवलेली न्यूरल जाळी (कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम) वरचे सूर ‘भरून’ देतात आणि ते ऐकायला बरेही वाटतात, पण तिथे काय असावं याचा तो अंदाज असतो. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मूळ फाइल जपून ठेवूनच असे प्रयोग करावेत.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये गाणं अचानक टेलिफोनसारखं ऐकू येऊ लागलं तर बहुतेक वेळा कुठल्यातरी प्रोग्रॅमने त्याचा माइक चालू केलेला असतो. माइकसाठी जोडणी फोन-कॉलच्या पद्धतीवर जाते आणि तिथे बहुधा सेकंदाला 8,000 किंवा 16,000 च नमुने असतात, म्हणजे 4,000 किंवा 8,000 हर्ट्झच्या वरचं सगळं गायब. संगणकाचा स्वतःचा माइक निवडा, गाणं जागेवर येतं.

स्वतः मुद्रित केलेल्या आवाजातली पंख्याची घरघर काढायची असेल तर बोलायला सुरुवात करण्याआधी दोन सेकंद गप्प बसा. त्या शांततेत फक्त घरघर असते. ऑडॅसिटीला तेवढा तुकडा निवडून दाखवला की कुठल्या वारंवारतेला किती घरघर आहे ते ती नोंदवते आणि मग संपूर्ण ध्वनिमुद्रणात त्या पातळीखालचं दाबते. जास्त दाबलं तर शब्दांच्या शेवटी पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखे बारीक सूर चमकू लागतात. 8 ते 12 डेसिबलवर थांबलं की थोडी घरघर राहते आणि माणूस माणसासारखा बोलतो.

राहता राहिली ती आकर्षक नावांची ‘सुधारणा’ बटणं. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात खर्ज वाढवणं, टीप वाढवणं आणि एकूण आवाज मोठा करणं एवढंच असतं. आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात खर्ज कानाला फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तो आपोआप वर येतो. नुसती एक डेसिबलची वाढसुद्धा आपण ‘स्वच्छ झालं’ अशी ऐकतो. त्यामुळे बटण चालू-बंद करून केलेली तुलना खरी नसते. आधी दोन्ही स्थितींची पातळी सारखी करायची, मग न बघता ऐकायचं.

मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि धाकट्या भावाला नाणं उडवून त्याप्रमाणे बटण दाबायला सांगितलं. सोळा फेऱ्या. सोळातल्या 12 किंवा अधिक फेऱ्या केवळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते, म्हणून तेवढी हद्द ठरवली. 86 हर्ट्झची गाळणी मी 15 वेळा बरोबर ओळखली. महिनोन्महिने चालू ठेवलेलं सुधारणेचं बटण पातळी सारखी केल्यावर 9 वेळा. ते मी त्याच संध्याकाळी बंद केलं. आता माझ्या इक्वलायझरमध्ये तीनच ओळी आहेत: प्रीअँप उणे 2, 86 हर्ट्झला उणे 7, क्यू 5, आणि 6,000 च्या वर 2 डेसिबलची हलकी चढण, कारण माझे स्पीकर तिथे थोडे मंद आहेत. गायिका दुसऱ्या कडव्यात आवाज चढवते तेव्हा लाटेचा माथा पूर्ण गोल दिसतो.