फॉर्ममधला तो आजाराचा रकाना आला कुठून

‘आपणास कोणताही दीर्घकालीन आजार आहे का? असल्यास तपशील द्यावा.’ आणि खाली दीड ओळ जागा. ज्यांना मधुमेह आहे, दमा आहे, फिट्स येतात, ल्युपस किंवा आतड्यांचं दुखणं आहे त्यांना ही ओळ तोंडपाठ असते. मला स्वतःला एक कायमचं दुखणं आहे आणि आजवर प्रत्येक नोकरीच्या वेळी या रकान्यापाशी येऊन माझा हात थांबलाय, कारण खरं लिहावं तर ऑफर जाईल की काय ही भीती, आणि नाही लिहिलं तर उद्या कधी त्रास उफाळला की ‘तुम्ही लपवलंत’ हे ऐकावं लागणार. म्हणून हा प्रश्न मुळात कुणी, कधी आणि कशासाठी विचारायला सुरुवात केली ते शोधत गेले आणि जे हाती लागलं ते इथे मांडतेय.

सुरुवातीला प्रश्नाची दिशा उलटी होती. साधारण १७०० च्या सुमारास इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना सांगितलं की पेशंटला बाकीचे प्रश्न विचारता तसं एक आणखी विचारा, तू काम काय करतोस? म्हणजे डॉक्टर आजारी माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारत होता, कारण ते कामच त्याला आजारी पाडत असेल. तिथून दोनशे वर्षांत गाडी अशी फिरली की मालक काम मागायला आलेल्या माणसाला त्याच्या आजाराबद्दल विचारायला लागला.

मधला टप्पा कारखान्यांचा. ब्रिटनमध्ये १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांमध्ये नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी घातली, पण इंग्लंड-वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंदणीच १८३७ मध्ये सुरू झाली, मग मूल नऊ वर्षांचं आहे हे ठरवायचं कसं? तर सर्जनने मुलाकडे बघून लिहून द्यायचं की याची अंगकाठी आणि ताकद नऊ वर्षांच्या मुलाएवढी आहे. आजच्या फिटनेस सर्टिफिकेटचा पूर्वज म्हणायचा तर हाच कागद, आणि तो मुलाला वाचवण्यासाठी होता, निदान कायद्याचा हेतू तरी तोच होता. पुढे १८९५ मध्ये शिसं, फॉस्फरस, आर्सेनिक यांची विषबाधा आणि अँथ्रॅक्स झालेल्या कामगारांची नोंद कळवणं डॉक्टरांना आणि मालकांना बंधनकारक झालं. म्हणजे तेव्हाही रोख कामाने शरीराचं काय होतंय यावरच होता.

मग पैसा आला. जर्मनीत १८८४ मध्ये अपघात विमा, ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा, आणि अमेरिकेत १९११ पासून एकेका राज्याने तसेच कायदे केले. कामगारांसाठी ही फार मोठी गोष्ट होती, कामावर हात तुटला तर मालकाने पैसे द्यायचे, कोर्टात चूक सिद्ध करत बसायची गरज नाही. पण याची दुसरी बाजू लगेच दिसायला लागली, मालक हिशोब करायला लागले की ज्याचा एक डोळा आधीच गेलाय त्याला घेतलं आणि दुसरा इथे गेला तर पूर्ण आंधळेपणाची भरपाई आपल्या गळ्यात, ज्याचं फुप्फुस आधीच कमजोर आहे त्याची सगळी खोकल्याची बिलं आपल्याकडे, त्यापेक्षा दारातच तपासून परत पाठवा. नोकरीआधीची मेडिकल रुळली त्यामागे क्षयाची भीती होती, धडधाकट माणसं निवडायची हौस होती, पण भरपाईचा हा हिशोब सगळ्यात जोरात होता असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या राज्यांनी नंतर यावर उपाय म्हणून वेगळे फंड काढले, म्हणजे आधीच्या व्यंगामुळे वाढलेला भरपाईचा भार फंडाने उचलायचा, पण तोवर तपासून नाकारायची सवय लागून गेली होती.

त्याच काळात एक वेगळं उदाहरण घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. फोर्डच्या कारखान्यात कामांची यादी करून प्रत्येक कामाला शरीराचं नेमकं काय लागतं ते बघितलं गेलं. हेन्री फोर्डने १९२२ मध्ये दिलेले आकडे असे की एकूण ७,८८२ प्रकारची कामं, त्यातल्या फक्त ९४९ कामांना खरोखर दणकट माणूस लागतो, ६७० कामं दोन्ही पाय नसलेला माणूस करू शकतो, २,६३७ एक पाय असलेला, ७१५ एक हात असलेला आणि १० अंध माणूस. फोर्डचे बाकीचे विचार आणि कामगारांच्या घरात डोकावायच्या पद्धती मला अजिबात मान्य नाहीत, पण इथे प्रश्न ‘तुला काय झालंय’ असा न विचारता ‘या कामाला काय लागतं’ असा विचारला गेला. कायद्याला तिथवर यायला आणखी पाच-सहा दशकं लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आणि नंतरचे कायदे बहुतेक जखमी सैनिक डोळ्यांसमोर ठेवून झाले. ब्रिटनचा १९४४ चा कायदा घ्या, वीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने तीन टक्के जागा नोंदणीकृत अपंगांना द्यायच्या. चांगलंच होतं, पण त्यात एक गृहीत होतं की अपंगत्व म्हणजे दिसणारी आणि न बदलणारी गोष्ट. आमच्यासारख्यांचं तसं नसतं ना, तीन महिने एकदम ठीक आणि मग एक आठवडा उठताच येत नाही, बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, म्हणून सांगायचं की नाही हा प्रश्न मुख्यतः आमच्या वाट्याला येतो. ज्याचं दिसतं त्याला निवडायला वावच नसतो.

अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ आलं, सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही, पण त्याचे नियम चार वर्षं सहीविना पडून राहिले. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग आंदोलक आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसले, त्यातल्या कित्येकांना औषधं आणि मदतनीसांशिवाय राहणं धोक्याचं होतं, तरी हलले नाहीत, आणि २८ एप्रिलला सही झाली.

मग या कलमावर १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात एक केस आली, फ्लोरिडातल्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेची. तिला १९५७ मध्ये क्षय झाला होता, तो वीस वर्षं दबून राहिला, १९७७-७८ मध्ये परत परत उलटला आणि १९७९ मध्ये तिला काढून टाकलं. कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की संसर्गजन्य आजारालाही कायद्याचं संरक्षण आहे, आणि आजाराबद्दलचे लोकांचे गैरसमज आणि भीती माणसाला आजाराइतकंच पंगू करतात. एड्सची भीती टोकाला गेली होती त्या काळात हे म्हटलं गेलं हे लक्षात घ्या.

तीन वर्षांनी, २६ जुलै १९९० ला अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्टवर, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर, सही झाली आणि आपल्या रकान्याच्या दृष्टीने खरा बदल इथे झाला, कारण या कायद्याने प्रश्न कधी विचारायचा याचे टप्पे पाडले. ऑफर देण्याआधी आजाराबद्दल विचारायचंच नाही, हे काम करता येईल का एवढं विचारता येतं. ऑफर दिल्यावर मेडिकल घेता येते, पण त्या कामावर येणाऱ्या सगळ्यांची घ्यायची, एकट्या कुणाला वेगळं काढायचं नाही. आणि नोकरीत असताना विचारायचं तर कामाशी थेट संबंध आणि खरी गरज हवी. यामागचं डोकं बघा, आधी ऑफर दिली आणि मेडिकलनंतर काढून घेतली तर कारण उघडं पडतं. आधी मुलाखत आणि मेडिकल एकत्र व्हायची तेव्हा ‘दुसरा उमेदवार जास्त योग्य वाटला’ म्हटलं की विषय संपायचा. ब्रिटनमध्ये नोकरीची ऑफर देण्याआधी तब्येतीचे प्रश्न विचारण्यावर २०१० च्या समानता कायद्याने अशीच बंधनं घातली, थोडे अपवाद ठेवून.

पण कायमच्या आजारांची मात्र मधल्या काळात वाईट कोंडी झाली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की औषधाने किंवा चष्म्याने त्रास आटोक्यात असेल तर त्या आटोक्यातल्या अवस्थेकडे बघून अपंगत्व ठरवायचं. लहानपणापासून रक्तदाब असलेला एक मेकॅनिक होता, रक्तदाब जास्त म्हणून कंपनीने काढला आणि कोर्टाने सांगितलं की औषधावर तू ठीक असतोस म्हणून तुला या कायद्याचं संरक्षण नाही. म्हणजे नोकरी द्यायला आजारी आणि न्याय मागायला निरोगी! वेळेवर औषध घेतलं, पथ्य पाळलं, स्वतःला सांभाळलं याचीच शिक्षा झाली की ही. अमेरिकेच्या संसदेने २००८ मध्ये कायदा सुधारला, तो १ जानेवारी २००९ पासून लागू झाला, त्यात स्पष्ट लिहिलं की औषधाचा परिणाम बाजूला ठेवून बघायचं आणि अधूनमधून उफाळणारा किंवा सध्या शांत असलेला आजारसुद्धा धरायचा. ब्रिटनने तर २००५ मध्येच कॅन्सर, एचआयव्ही आणि मल्टिपल स्क्लेरोसिस निदान झाल्या क्षणापासून कायद्यात धरले होते, लक्षणं दिसायची वाट न बघता.

२००२ ची आणखी एक केस मला अजून अस्वस्थ करते. कॅलिफोर्नियातल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात एक माणूस कंत्राटदारामार्फत १९७२ पासून काम करत होता. त्याने कायम नोकरीसाठी अर्ज केला म्हणून मेडिकल झाली, यकृतात बिघाड सापडला, पुढे हेपटायटिस सी निघाला, आणि शेवटी १९९६ मध्ये कंत्राटी कामही बंद झालं. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की काम त्या माणसाच्या स्वतःच्या जिवाला धोक्याचं असेल तरी मालक नाकारू शकतो, फक्त तो धोका त्या माणसाची वैद्यकीय स्थिती नीट तपासून ठरवायचा. आपल्या भल्यासाठी आपल्याला नाकारणं हा प्रकार किती खोलवर जातो ते यात दिसतं.

विचारण्याऐवजी गुपचूप तपासायचे प्रकारही झाले. युरोपियन कमिशनमध्ये टायपिस्टच्या हंगामी जागेसाठी आलेल्या एका उमेदवाराने एचआयव्ही टेस्टला नकार दिला, तर त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची अशी मोजणी केली की तोच अंदाज निघावा. १९९४ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की नकार दिला तर तो पूर्ण पाळायचा, आडवाटेनेही शोधायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत क्लार्क लोकांच्या रक्त-लघवीच्या नमुन्यांवर त्यांना न सांगता सिफिलिस, सिकलसेल आणि गरोदरपणाच्या टेस्ट केल्या होत्या, खालच्या कोर्टाने त्या कर्मचाऱ्यांचा दावा फेटाळला होता, १९९८ मध्ये अपील कोर्टाने तो पुढे चालवायला मान्यता दिली.

भारतातल्या इतिहासात पहिलं ठळक नाव आयुर्विमा महामंडळाच्या १९९१ च्या केसचं. तिथल्या डिक्लेरेशन फॉर्ममध्ये महिला उमेदवारांना मासिक पाळी कधी आली, नियमित आहे का, किती वेळा गर्भ राहिला असे प्रश्न होते, आणि माहिती चुकीची दिली म्हणून प्रोबेशनवरच्या एका बाईला काढलं होतं. सुप्रीम कोर्टाने तिला परत घ्यायला लावलं आणि हे प्रश्न लाजिरवाणे आहेत, फॉर्ममधून काढा असं सांगितलं. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टात एका हंगामी कामगाराची केस झाली, टेस्टमध्ये एचआयव्ही निघाला म्हणून त्याचं काम थांबवलं होतं. कोर्टाने म्हटलं की माणूस काम करू शकतो आणि इतरांना मोठा धोका नाही तर नुसत्या एचआयव्हीवरून नाकारता येणार नाही, आणि त्याला नाव उघड न करता लढू दिलं, ही गोष्ट तर आजाराबद्दल बोलू न शकणाऱ्या प्रत्येकासाठी मोलाची. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने विमानातल्या केबिन कर्मचाऱ्याच्या जागेसाठी आलेल्या उमेदवाराच्या केसमध्ये तसाच निकाल दिला. २०१७ च्या भारतीय एचआयव्ही कायद्याने नोकरीसाठी ही टेस्ट सक्तीची करायला बंदी घातली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पूर्वीच्या सातऐवजी २१ प्रकार आले, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आहेत, पण मधुमेह, दमा, आतड्यांचे आजार त्या यादीत नाहीत. यादी करून हक्क दिले की यादीबाहेरचा माणूस तसाच उभा राहतो, आणि कायमच्या आजारांची संख्या बघता बाहेरचेच जास्त.

खोटं लिहावं का, यावरही कोर्टांत काथ्याकूट झालाय. जर्मनीत कामगार कोर्टांनी मान्य केलंय की विचारायलाच मनाई असलेला प्रश्न विचारला, उदाहरणार्थ गरोदर आहेस का, तर खोटं उत्तर दिलं तरी नोकरीचा करार त्यावरून मोडता येत नाही. सगळीकडे असं नाही, कायदेशीर प्रश्नाला खोटं उत्तर लिहून दिलं तर नोकरी जाऊ शकते, म्हणून ‘नाही’ लिहिणं आणि ‘कामाशी संबंधित अडचण नाही’ लिहिणं यात खूप फरक पडतो.

कागद कुणाकडे राहतो हेही या सगळ्या लढायांतूनच ठरत गेलं. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात आहे की मेडिकल माहिती वेगळ्या फाइलमध्ये, गोपनीय ठेवायची, साहेबाला फक्त कामावर काय मर्यादा आहे आणि काय सोय लागेल एवढंच कळवायचं. व्यवसाय-आरोग्याच्या डॉक्टरांची नीतीही तीच, मालकाला फिट, अनफिट किंवा या अटींसह फिट एवढं सांगायचं, निदान सांगायचं नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून डॉक्टरच्या जुन्या सिक नोटच्या जागी फिट नोट आली, त्यात ‘कामाला योग्य नाही’ सोबत ‘असे बदल केले तर काम करू शकेल’ हा पर्याय आला, हळूहळू कामावर परतणं, वेळ बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं यासाठी चौकटी आल्या. मी आता डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेते तेव्हा अशाच भाषेत मागते, सकाळी अकरानंतरची शिफ्ट, महिन्यातून एकदा तपासणीसाठी सुट्टी, जवळ स्वच्छतागृह, आणि आजाराचं नाव त्यात लिहू नका असं सांगते. पहिल्या वेळी डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं, मग म्हणाले की हे असं कधी कुणी मागितलं नव्हतं, आणि लिहून दिलं.