सीमापार खासगी मोटारसेवा

एका देशातून दुसऱ्या देशात रस्त्याने जाण्यासाठी चालकासह ठरवलेली गाडी म्हणजे सीमापार खासगी मोटारसेवा. प्रवासी विमानतळावर किंवा हॉटेलच्या दारात गाडीत बसतो आणि सीमेपलीकडच्या ठरलेल्या पत्त्यावर उतरतो. भाडे आधी ठरलेले असते, मीटर नसतो, गाडीत अनोळखी सहप्रवासी नसतात. प्रवास-व्यवसायात तिला नुसते ‘ट्रान्सफर’ म्हणतात. रेल्वे किंवा बस नसलेल्या मार्गांवर, रात्री-अपरात्री उतरणाऱ्या विमानांसाठी, तसेच लहान मुले, वृद्ध किंवा भरपूर सामान सोबत असताना ती घेतली जाते.

नाक्यावर गाडी एकच दिसत असली, तरी कायद्याच्या नजरेत तिथून तिघे जात असतात : प्रवासी, चालक आणि गाडी. तिघांची कागदपत्रे वेगळी, तपासणारे अधिकारी अनेकदा वेगळे आणि एकाला मिळालेली परवानगी दुसऱ्याच्या उपयोगाची नसते. या सेवेतल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या तिघांपैकी एक जण अडकल्यामुळे उद्भवतात. भाडे भरणारा माणूस मात्र सहसा स्वतःच्याच व्हिसाची चौकशी करून निघतो.

थेट गाडी आणि गाडीबदल

सेवेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात एकच गाडी आणि एकच चालक सीमा ओलांडून मुक्कामापर्यंत नेतात. दुसऱ्यात पहिली गाडी नाक्यापर्यंत सोडते, प्रवासी सामानासह पायी किंवा नाक्यावरच्या बसने पलीकडे जातो आणि तिथे दुसऱ्या देशाची गाडी थांबलेली असते. जाहिरातीत दोन्ही ‘दारापासून दारापर्यंत’ म्हणूनच विकले जातात. त्यामुळे बुकिंग करताना विचारण्यासारखा पहिला प्रश्न भाड्याचा नाही. सीमा कोणती गाडी ओलांडणार, हा आहे.

काही ठिकाणी गाडीबदलाला पर्यायच नसतो. जॉर्डन नदीवरच्या अ‍ॅलनबी पुलावर, म्हणजे जॉर्डनच्या बाजूच्या किंग हुसेन पुलावर, प्रवाशांच्या खासगी गाड्यांना पलीकडे जाता येत नाही. दोन्ही टोकांमधले अंतर ठरावीक वाहनांनीच पार करावे लागते. अम्मानहून जेरुसलेमपर्यंतची ‘खासगी गाडी’ म्हणून जे विकले जाते, ते प्रत्यक्षात दोन गाड्या आणि मधला हा टप्पा असते. उलट जॉर्जियातले तिबिलिसी ते आर्मेनियातले येरेवान हा थेट गाडीचा नमुनेदार मार्ग आहे. सादाखलो–बाग्राताशेन नाक्यावर चालक गाडी घेऊनच पलीकडे जातो आणि पुढे देबेद नदीच्या खोऱ्यात हाघपात आणि सानाहिन हे मध्ययुगीन मठ पाहायला थांबतो. इथे ट्रान्सफर आणि सहल यांच्यातली रेघ पुसट होते. पुष्कळ जण याच थांब्यांसाठी गाडी ठरवतात.

प्रवासी

प्रवाशाच्या बाबतीत विमानाच्या सवयी आडव्या येतात. विमान कंपनी बसवण्याआधी व्हिसा तपासते, कारण चुकीचा प्रवासी नेल्यास दंड तिला होतो. गाडी ठरवताना तशी चाळणी क्वचितच असते. कागद अपुरे असल्याचे थेट खिडकीसमोर कळते. शिवाय ई-व्हिसा प्रत्येक नाक्यावर चालतो असे नाही. व्हिएतनामसारखे देश ई-व्हिसावर कोणत्या नाक्यांतून प्रवेश मिळेल याची यादीच जाहीर करतात. जवळचा रस्ता यादीबाहेरच्या नाक्यातून जात असेल, तर लांबचा घ्यावा लागतो.

एकदाच प्रवेश देणारा व्हिसा हा दुसरा सापळा. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकहून माँटेनेग्रोतले कोटोर किंवा बोस्नियातले मोस्तार पाहून संध्याकाळी परत येणे ही सोपी सहल वाटते. पण क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि हे दोन्ही देश त्याबाहेर आहेत. एकेरी शेंगेन व्हिसावर बाहेर पडलेल्याला संध्याकाळी परत येता येणार नाही. त्याच क्रोएशियात उलट उदाहरणही आहे. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाताना पूर्वी बोस्नियाच्या नेउम गावातून जावे लागे, म्हणजे एकाच देशातल्या प्रवासात दोनदा सीमा लागे. २६ जुलै २०२२ रोजी पेल्येशात्स पूल खुला झाला आणि ही कटकट संपली. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

नाका दिसत नाही म्हणून सीमा नाही असे समजणे सर्वांत धोक्याचे. आयर्लंडमधले डब्लिन ते ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडमधले बेलफास्ट या रस्त्यावर पासपोर्टची खिडकी नाही. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात १९२३ पासून सामाईक प्रवासक्षेत्राची व्यवस्था आहे. पण ही सवलत प्रामुख्याने त्या दोन देशांच्या नागरिकांसाठी आहे. ज्या परदेशी व्यक्तीला दोन्ही देशांसाठी परवानगी लागते, तिला ती लागतेच, मग रस्त्यात कोणी विचारो वा न विचारो. शेंगेनमध्येही अंतर्गत तपासणी तात्पुरती पुन्हा सुरू करण्याची मुभा सदस्य देशांना आहे. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भू-सीमांवर ती सुरू केली. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून शेजारच्या देशात जेवायला जाण्याचे दिवस तिथेही सरसकट उरलेले नाहीत.

लहान मूल एकाच पालकाबरोबर असेल, तर दुसऱ्या पालकाचे लेखी संमतिपत्र अनेक नाक्यांवर मागितले जाते.

गाडी

परदेशी गाडी देशात आली म्हणजे कस्टम्सच्या दृष्टीने एक महागडी वस्तू कर न भरता आत आली. ती परत जाईल याची हमी कोणी द्यायची, या प्रश्नाभोवती सगळी कागदपत्रे फिरतात. मोटारी सीमा ओलांडू लागल्या तसा हा प्रश्न उभा राहिला. १९०९ साली पॅरिसमध्ये मोटार वाहतुकीविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार यांनी वाहनांची परस्पर मान्यता, गाडीवरचे देशाचे अक्षरचिन्ह आणि आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना यांचे नियम बसवले. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसाठी १९५४ चा न्यूयॉर्क करार आहे.

या व्यवस्थेतले सर्वांत भारदस्त कागद म्हणजे ‘कार्ने द पासाज’. राष्ट्रीय मोटार संघटनांनी द्यायची ही पुस्तिका सहसा एक वर्ष चालते. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात : एक प्रवेशाच्या वेळी फाडायचा, एक बाहेर पडताना, आणि उरलेल्या स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर गाडी त्या देशातच विकली गेली असे मानून कर मागितला जाऊ शकतो. रोजच्या ट्रान्सफरमध्ये कार्ने क्वचित दिसते, कारण शेजारी देश एकमेकांच्या गाड्यांना नाक्यावरच साधा तात्पुरता परवाना देतात. तरी तत्त्व तेच. तुर्कस्तानात परदेशी गाडी आणणाऱ्याच्या नावावर तिची नोंद होते आणि ती कस्टम्सच्या ताब्यात न देता त्याला एकट्याने देश सोडता येत नाही. गाडी पलीकडे बिघडली तर चालक प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून स्वतः मागे का राहतो, ते यावरून समजावे.

विम्याचे गणित वेगळे. स्वदेशी विमा सीमेवर संपू नये म्हणून १ जानेवारी १९५३ पासून युरोपात ‘ग्रीन कार्ड’ पद्धत सुरू झाली. तिच्या धर्तीवर अरब देशांनी १९७५ मध्ये नारिंगी कार्ड आणले, पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी १९८२ मध्ये तपकिरी. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे पिवळे आहे. गंमत अशी की २०२० पासून मूळचे हिरवे कार्ड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापलेलेही चालते. ही कार्डे तिसऱ्या पक्षाचे नुकसान भरून देतात. गाडीतल्या प्रवाशाच्या दवाखान्याचा खर्च त्यांतून निघेलच असे नाही. त्यासाठी स्वतःचा प्रवास-विमा हवा.

काही अटी अगदी स्थानिक असतात. सिंगापूरमध्ये नोंदलेल्या गाडीला मलेशियाकडे जाताना टाकी किमान तीन-चतुर्थांश भरलेली ठेवावी लागते, म्हणजे पलीकडचे स्वस्त पेट्रोल भरायला कोणी जाऊ नये. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी वर्षभराचाच पथकर भरावा लागतो, एका दिवसाचा मिळत नाही. थायलंडमध्ये वाहने डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून; १९९४ साली खुल्या झालेल्या मेकाँगवरच्या मैत्री पुलावरून जाणाऱ्या गाड्यांना लाओसच्या टोकाला बाजू बदलावी लागते.

चालक आणि व्यवसायाचा परवाना

चालक हाही परदेशात जाणारा माणूस आहे. त्याला पासपोर्ट लागतो, काही ठिकाणी व्हिसा लागतो, आणि तो तिथे काम करत असल्याने पर्यटकाची सवलत त्याला पुरेशी असतेच असे नाही. पण खरा कस लागतो तो भाडे घेऊन प्रवासी नेण्याच्या हक्काचा. जवळपास सगळीकडे एक नियम दिसतो : परदेशी नोंदणीची गाडी आपल्या देशातून प्रवासी आणून सोडू शकते, पण दुसऱ्याच्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावाला भाडे मारू शकत नाही. यालाच कॅबोटाजबंदी म्हणतात. कॅनडाची भाड्याची गाडी प्रवाशांना अमेरिकेत आणून सोडते, तिथल्या दोन शहरांमध्ये फेऱ्या करत नाही. परतीचे भाडे घेता येईल का, हे दोन देशांमधल्या करारावर अवलंबून असते. नसेल तर गाडी रिकामी परतते आणि त्या रिकाम्या फेरीचा खर्च जाताना बसलेल्या प्रवाशाच्याच भाड्यात आलेला असतो.

सिंगापूर आणि मलेशियातले जोहोर बाहरू यांच्यामधली ये-जा या नियमाची परीक्षा पाहते. तिथे सीमापार टॅक्सींना दोन्ही देशांचे परवाने असावे लागतात आणि त्यांची संख्या मर्यादित असते. मागणी भरमसाट असल्याने परवाना नसलेल्या खासगी गाड्यांचा धंदा फोफावला. २०२५ मध्ये सिंगापूरच्या भू-परिवहन प्राधिकरणाने धरपकड वाढवून अशा अनेक गाड्या जप्त केल्या. दोषी चालकाला ३,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रवाशाच्या वाट्याला त्या वेळी नाक्यावर सामानासह अडकून पडणे येते, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी अंग काढून घेण्याची शक्यता. स्वस्तातली गाडी इथे स्वस्त पडत नाही.

नाक्यावर

प्रत्यक्ष नाक्यावर अनेकदा प्रवाशांना उतरवून पायी इमारतीतून जायला सांगतात आणि चालक गाडी वेगळ्या रांगेतून आणतो. पासपोर्ट, फोन आणि थोडे पैसे तेवढ्या वेळात अंगावर असावेत, गाडीत नव्हे. आधी एका देशातून बाहेर पडल्याचा शिक्का आणि मग दुसऱ्याचा प्रवेश असे दोन थांबे असतात. पहिला चुकवला तर तो दुसऱ्या प्रवासात डोके वर काढतो. पासपोर्ट आणि कस्टम्स या दोन वेगळ्या बाबी आहेत. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघाच्या कस्टम्स क्षेत्रात नाही. त्यामुळे जिनिव्हाहून फ्रान्समधल्या शामोनीला जाणाऱ्या गाडीला पासपोर्टसाठी सहसा कोणी थांबवत नसले, तरी सामानासाठी थांबवू शकतात. दहा हजार युरो किंवा त्याहून अधिक रोकड बाहेरून युरोपीय संघात आणताना जाहीर करावी लागते.

जलद रांगांचेही नियम आहेत. अमेरिका–कॅनडा सीमेवर नेक्सस कार्डाची, म्हणजे आधीच पडताळणी झालेल्या प्रवाशांना मिळणाऱ्या कार्डाची, वेगळी रांग आहे, पण गाडीतल्या प्रत्येकाकडे ते कार्ड असेल तरच ती वापरता येते. चालकाकडे आहे आणि मागे बसलेल्या कुटुंबाकडे नाही, तर सगळे सामान्य रांगेत.

भेटण्याची जागाही नीट ठरवावी लागते. बाझेल-म्युलूझ विमानतळ संपूर्णपणे फ्रान्सच्या भूमीवर आहे, पण त्याला फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन्हींकडे उघडणारी स्वतंत्र दारे आहेत. जिनिव्हा विमानतळालाही फ्रेंच बाजू आहे आणि तिथे रस्त्याने फ्रान्समधूनच पोहोचता येते. चालक एका दारात आणि प्रवासी दुसऱ्या, असे झाले की दोघेही ‘मी वेळेवर आलो’ असेच सांगतात.

भाडे आणि अटी

भाड्यात इंधन, पथकर, रिकामी परतफेरी आणि नाक्यावरचा ताटकळा हे सगळे धरलेले असते किंवा धरलेले नसते. वाद याच जागी होतात. रांगेत किती वेळ थांबणे फुकट, त्यापुढे तासाला किती, वाहनाचा प्रवेशकर कोणी भरायचा, कोणत्या चलनात, हे लेखी घ्यावे. प्रवाशाला प्रवेश नाकारला गेला तर बहुतेक सेवा पूर्ण भाडे घेतात, आणि ते रास्तही आहे. चालकाला किंवा गाडीला अडवले तर भाडे परत मिळायला हवे. अटींच्या मजकुरात पहिली बाब ठळक असते, दुसरी शोधावी लागते.

नाक्यांच्या वेळा आणि सुटीच्या दिवसांची गर्दी बुकिंगच्या वेळी पाहता येते. सीमाच बंद होणे हे मात्र कुठल्या वेळापत्रकात नसते. अझरबैजानने २०२० मध्ये साथीमुळे प्रवाशांसाठी बंद केलेल्या भू-सीमा पुढे कित्येक वर्षे उघडल्या नाहीत, त्यामुळे तिबिलिसीहून बाकूला गाडीने जाण्याचा रूढ मार्ग मोडला. आर्मेनिया–तुर्कस्तान सीमा १९९३ पासून बंद आहे. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात संघर्ष पेटल्यावर पोइपेतसह त्यांच्यामधले नाके बंद झाले आणि बँकॉकहून सिएम रीपला रस्त्याने निघालेल्यांना विमानाचे तिकीट काढावे लागले. असा बदल सेवेच्या संकेतस्थळावर उशिरा उतरतो. त्या मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या चालकाला तो आधी कळलेला असतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोन त्यालाच करावा.