गाठीचा जीन रिपोर्ट आणि घराण्याचा जीन रिपोर्ट

नाशिकमध्ये कॅन्सरची बायोप्सी झाली की हल्ली बऱ्याच घरांत 'जीन टेस्ट'चं नाव निघतं. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, ज्याला सगळे नुसतं 'ब्लॉक' म्हणतात, तो कुरिअरने मुंबई-पुण्याच्या लॅबला जातो. कधी नातेवाईकच पंचवटी एक्स्प्रेस पकडून तो पोचवतात. रिपोर्टमध्ये 'म्यूटेशन आढळलं', म्हणजे जनुकात बदल सापडला, असं वाचलं की लेक आधी विचारते, म्हणजे मलाही होणार का? दुसऱ्या घरी रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि 'आपल्या घराण्यात काही नाही' म्हणून सगळे निश्चिंत होतात. ही भीती आणि ही निश्चिंती, दोन्ही बऱ्याचदा निराधार असतात. 'जीन टेस्ट' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या तपासण्या चालतात.

गाठीतलं म्यूटेशन, म्हणजे सोमॅटिक, आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत घडतं आणि त्या पेशीच्या वंशातच राहतं. आनुवंशिक म्यूटेशन, म्हणजे जर्मलाइन, आई किंवा वडिलांकडून गर्भातच येतं आणि शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत असतं. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे पटकन कळेल. पूर्ण वेल थॉमसनची असते, पण एखाद्याच काडीला वेगळ्या आकाराचे मणी लागतात. बदल त्या काडीत झालेला असतो, खोडात नाही.

आता कागदावर बघू. फुप्फुसाच्या गाठीच्या एका रिपोर्टवर ओळ आहे: ईजीएफआर, एल858आर, 20 टक्के. या जीनपासून बनणाऱ्या प्रथिनात 858व्या जागी ल्युसीन या घटकाऐवजी आर्जिनीन हा दुसरा घटक आला आहे आणि पेशीला 'वाढ' हा संदेश सतत मिळतो आहे. गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब या गोळ्या नेमका तोच संदेश अडवतात, म्हणून ही ओळ उपचारासाठी फार मोलाची. मुलांसाठी मात्र तिच्यात घाबरण्यासारखं जवळपास काहीच नसतं, हे म्यूटेशन बहुतेक नेहमी गाठीपुरतंच असतं.

दुसऱ्या रिपोर्टवर आहे बीआरसीए-1 हा जीन, त्यात 68 आणि 69 या जागांवरची डीएनएची दोन अक्षरं गायब. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. दोन गळाली की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि डीएनएची दुरुस्ती करणारं प्रथिन अर्धवट राहतं. हे जन्मापासून असेल तर मोठ्या अभ्यासांनुसार 80 वर्षांच्या वयापर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता सुमारे 70 टक्क्यांवर जाते, बीजाशयाच्या कॅन्सरची 40 टक्क्यांच्या पुढे. प्रत्येक अपत्याकडे ते जाण्याची शक्यता निम्मी.

दोन्ही ओळी दिसायला सारख्याच. बदल गाठीपुरता की जन्मजात, हा फरक ओळखण्याचं काम बहुतांशी संगणकावर होतं, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो. मशीन डीएनएचे छोटे छोटे तुकडे वाचतं. सॉफ्टवेअर ते तुकडे 3 अब्ज अक्षरांच्या प्रमाणित जीनोमवर, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या नमुन्यावर, जागच्या जागी बसवतं आणि एखाद्या जागेवर किती तुकड्यांत बदल आहे ते मोजतं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. आनुवंशिक बदल त्यांपैकी एकीत असतो, म्हणून आकडा 50 टक्क्यांच्या आसपास येतो. आनुवंशिक बदल शोधणारा हॅप्लोटाइपकॉलर हा प्रोग्राम दोन प्रती गृहीत धरूनच चालतो. गाठीसाठीचा म्यूटेक्ट-2 तसं गृहीत धरत नाही, कारण गाठीत काहीही प्रमाण असू शकतं. तुकड्यात 40 टक्केच पेशी कॅन्सरच्या असतील, तर त्यांच्या एका प्रतीतलं म्यूटेशन 20 टक्के दिसतं. वरच्या रिपोर्टवरचा आकडा असाच आलेला असू शकतो.

पण नुसत्या टक्क्यांवर विसंबू नका. तुकडा जवळपास सगळाच कॅन्सर पेशींचा असेल तर गाठीतलं म्यूटेशनही 47-48 टक्के दिसतं. गाठीने चांगली प्रत गमावली असेल तर आनुवंशिक बदल 60 च्या पुढे जातो. तुकडा टिकवायला वापरलेल्या फॉर्मलिनमुळेही डीएनए बिघडतो आणि सी या अक्षराच्या जागी टी वाचलं जातं. हे खोटे बदल गाळावे लागतात. म्हणून खात्रीचा मार्ग एकच: त्याच रुग्णाचं रक्त किंवा लाळ घेऊन त्यातला डीएनए शेजारी ठेवायचा. दोन्हीकडे आहे ते बहुधा जन्मजात, फक्त गाठीत आहे ते नंतरचं.

यानंतर दोन्हींच्या फुटपट्ट्याही वेगळ्या. आनुवंशिक बदल 2015 च्या नियमांनुसार पाच वर्गांत बसवतात, आणि प्रश्न असतो 'याने रोग होतो का?'. गाठीतले बदल 2017 च्या नियमांनुसार चार पायऱ्यांत, आणि प्रश्न असतो 'याचा उपचाराला उपयोग किती?'. पाच वर्गांतला मधला, 'अर्थ अनिश्चित', घराघरांत सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. तो निकाल पॉझिटिव्ह नव्हे आणि त्याच्या आधारावर कुणीही ऑपरेशनला उभं राहू नये. आपल्याकडे तो जास्त येतो, कारण जगातल्या जीन-नोंदींत युरोपीय वंशाचे लोक फार. जीनोमइंडिया प्रकल्पाने सुमारे 10 हजार भारतीयांचे जीनोम वाचले. 2025 च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. आपल्या लोकांत जो बदल सर्रास आढळतो तो गंभीर रोगाचं कारण असण्याची शक्यता कमी, हे आता ताडून बघता येतं. म्हणून असा निकाल असेल तर वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारावं.

गाठीच्या रिपोर्टवर बीआरसीएत बदल दिसला, तर टक्के कितीही असोत, रक्ताची तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्यावी. आणि गाठीच्या रिपोर्टवर तो नसला म्हणून घराणं सुटलं असं धरू नये. फुप्फुसासाठीच्या काही टेस्टमध्ये बीआरसीए तपासलेलंच नसतं. रुग्णात आनुवंशिक बदल असल्याची खात्री झाली की नातेवाइकांना पूर्ण टेस्ट लागत नाही, तेवढी एकच जागा तपासली की भागतं.

कुणाकुणाची तपासणी करायची याची यादी करताना आपल्याकडे फक्त लेकी आणि बहिणी मोजतात. बीआरसीएतला बदल पुरुषांतही असतो, बीआरसीए-2 मधल्या बदलामुळे त्यांच्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोकाही वाढतो, आणि तो वडिलांकडूनही तितकाच पुढे जातो. ज्या आत्याला बीआरसीएतल्या बदलामुळे कॅन्सर झाला, तिच्या भावाची मुलगीही या यादीत येते, त्या भावाला स्वतःला काहीही झालेलं नसलं तरी.