मेथडिस्ट मंडळी : सामूहिक जीवन आणि स्वयंसेवा

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–९१) आणि चार्ल्स वेस्ली (१७०७–८८) या बंधूंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट चळवळीतून आजचे मेथडिस्ट चर्च घडले. या चर्चच्या स्थानिक मंडळ्यांमध्ये सभासद एकमेकांशी कसे बांधलेले असतात आणि आसपासच्या लोकांसाठी ते स्वेच्छेने कोणती कामे करतात, याची ही नोंद आहे. हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. चळवळ ज्या लहान गटांतून वाढली त्यांची कामाची रीतच अशी होती, की दर आठवड्याला घरी जाणे, आजाऱ्याची विचारपूस करणे आणि पैशापैशाचा हिशेब ठेवणे या गोष्टी प्रार्थनेइतक्याच धर्माचरणाच्या मानल्या गेल्या.

उगम

ऑक्सफर्ड विद्यापीठात १७२९ च्या सुमारास वेस्ली बंधूंसह काही तरुण नेमाने एकत्र बसून पवित्र शास्त्र वाचत, उपास करत. १७३० पासून ते शहराच्या तुरुंगात जाऊ लागले. तिथे कर्ज न फेडल्यामुळे डांबलेल्या माणसांना ते भेटत, गरीब मुलांना शिकवत, मदतीसाठी पैसे गोळा करत. पुढे १७३९ मध्ये जॉन वेस्लीने ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानात प्रवचने सुरू केली. किंग्जवुडच्या कोळसा खाणींतले मजूर एरवी चर्चची पायरी चढत नव्हते, ते या सभांना येऊ लागले. याच वर्षी ब्रिस्टलमध्ये 'न्यू रूम' ही सभागृहाची इमारत बांधायला घेतली. ती आजही उभी आहे आणि जगातली सर्वांत जुनी मेथडिस्ट वास्तू मानली जाते.

या इमारतीच्या कर्जातूनच मेथडिस्ट जीवनाचा गाभा जन्माला आला. १७४२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलला सभासद कर्ज कसे फेडायचे याचा विचार करत बसले होते. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकांना तेवढेही जमणार नाही, अशी शंका कुणीतरी काढली. त्यावर तो म्हणाला, की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. त्यांना देता आले तर उत्तम, नाही तर त्यांच्या वाटचे मी भरीन. इतरांनीही अशीच जबाबदारी उचलली. मग पेनी गोळा करायला घरोघरी जाणाऱ्यांना घरांतली खरी परिस्थिती दिसू लागली. कुणी आजारी होते, कुणाचे काम सुटले होते, कुणी दारूच्या आहारी गेले होते, कुणाच्या घरात भांडणे विकोपाला गेली होती. वसुलीसाठी आखलेली ही योजना माणसे सांभाळण्याची व्यवस्था आहे, हे वेस्लीच्या लगेच लक्षात आले. साधारण बारा जणांचा एक 'क्लास' आणि त्याला एक 'लीडर', ही रचना त्याने सगळीकडे लागू केली. घरोघरी फिरणे अवघड जाऊ लागल्यावर क्लास आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला.

१७४३ च्या नियमावलीत लीडरची कामे स्पष्ट लिहिलेली आहेत. क्लासमधल्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा तरी भेटायचे, त्याच्या आत्मिक स्थितीची चौकशी करायची, आजारी असलेल्यांची नावे पाळकाला, म्हणजे धर्मोपदेशकाला, कळवायची आणि जमलेली रक्कम कारभाऱ्यांकडे, म्हणजे स्टुअर्डकडे, जमा करायची. याच नियमावलीने सभासदाच्या वागण्याची तीन सूत्रे घालून दिली: कुणाचे वाईट करू नये, शक्य तितके भले करावे, आणि उपासना, प्रार्थना, प्रभुभोजन यांत खंड पडू देऊ नये. भले करणे म्हणजे काय, हेही मोघम ठेवलेले नाही. भुकेल्याला अन्न देणे, उघड्याला वस्त्र देणे, आजाऱ्यांना आणि कैद्यांना भेटणे, असे ते उलगडून सांगितले आहे. सभासदत्वाच्या, तिमाहीला मिळणाऱ्या लहानशा छापील तिकिटावर पवित्र शास्त्रातले वचन असे आणि सभासदाचे नाव हाताने लिहिलेले असे. नियम न पाळणाऱ्याला पुढचे तिकीट मिळत नसे.

आजाऱ्यांचे भेटकरी

सुरुवातीच्या सेवाकार्यात सर्वांत मोलाचे काम मला आजाऱ्यांना भेटणाऱ्यांचे वाटते. सामान्य माणसाच्या हाती दिलेली जबाबदारी किती नेमकी असू शकते, ते त्यात दिसते. लंडनमध्ये आजारी गरिबांची संख्या वाढली आणि कारभाऱ्यांना एकट्याने पुरे पडेना. तेव्हा वेस्लीने स्वतःहून पुढे आलेल्यांतून ४६ जण निवडले, शहराचे २३ भाग पाडले आणि प्रत्येक भागात दोघांना नेमले. आपल्या भागातल्या प्रत्येक आजाऱ्याला आठवड्यातून तीनदा भेटायचे, त्याला काय हवे-नको ते पाहायचे, औषधोपचाराची सोय करायची आणि आठवड्याचा हिशेब कारभाऱ्यांना द्यायचा, असे काम होते. त्यांच्यासाठी नियम चारच होते. बोलणे सरळ आणि मोकळे असावे. वागणे मृदू आणि धीराचे असावे. आजाऱ्यासाठी जे कराल ते स्वच्छ असावे. आणि कशाचीही किळस करू नये. हा चौथा नियम ज्याने कुणा आजाऱ्याची शुश्रूषा केली आहे त्यालाच पुरता कळेल.

लंडनमध्ये तोफा ओतण्याचा एक जुना पडका कारखाना वेस्लीने १७३९ मध्ये घेतला होता. 'फाउंड्री' म्हणून ओळखली जाणारी ही जागा चळवळीचे ठाणे बनली. १७४६ मध्ये तिथे गरिबांसाठी मोफत दवाखाना सुरू झाला. त्याच सुमारास एक कर्जनिधीही उभारण्यात आला. त्यातून २० शिलिंगांपर्यंत रक्कम उसनी मिळे आणि ती आठवड्याच्या हप्त्यांनी तीन महिन्यांत फेडायची असे. जवळच्या दोन लहान घरांत निराधार विधवांची राहण्याची सोय केली होती. वेस्ली आणि शहरात असलेले इतर प्रवचनकार याच घरी, त्याच पंक्तीला बसून तेच अन्न खात. मदत देणारा आणि घेणारा एका टेबलाशी बसतो, ही बाब मेथडिस्ट सेवेत वारंवार दिसते. उतारवयात, १७८६ मध्ये, आजाऱ्यांच्या भेटीवर दिलेल्या प्रवचनात वेस्लीने हाच मुद्दा मांडला. स्वतः न जाता दुसऱ्याच्या हाती मदत पाठवली तर गरिबाची गरज भागेलही, पण जायचे टाळणाऱ्याचे मन मात्र कोरडेच राहते. श्रीमंतांना गरिबांविषयी कळवळा नसतो याचे कारण ते त्यांच्या घरी जात नाहीत, असे त्याने स्पष्ट म्हटले.

शक्य तितक्या मार्गांनी, शक्य तितक्यांचे, शक्य तितके भले करावे, अशा अर्थाचे एक वचन वेस्लीच्या नावाने सर्रास छापले जाते. ते त्याच्या लेखनात सापडत नाही. त्याने खरोखर लिहिलेले नियम याहून अधिक नेमके आणि पाळायला अवघड आहेत.

पाळक फिरता, मंडळी स्थिर

मेथडिस्ट रचनेत पाळक एका जागी कायमचा नसतो. जवळपासच्या काही मंडळ्या मिळून 'सर्किट' होते. पाळकाची नेमणूक वरून, म्हणजे परिषदेकडून किंवा बिशपकडून होते आणि काही वर्षांनी त्याची बदली होते. पूर्वी तर एकेक प्रवचनकार घोड्यावरून अनेक गावे सांभाळत असे. साहजिकच मंडळीचा रोजचा गाडा हाकण्याचे काम सामान्य सभासदांवर येऊन पडले. रविवारचे प्रवचन अनेक ठिकाणी 'लोकल प्रीचर' म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून उपदेश करणारा सभासद देतो. हिशेब, इमारतीची निगा, संडे स्कूल, गायनवृंद, घरी पडून असलेल्या वृद्धांच्या भेटी, सगळीकडे तीच माणसे दिसतात. ब्रिटनमध्ये सभासदांची यादी आजही भेटकऱ्यांमध्ये वाटून दिली जाते आणि वार्षिक तिकीटही दिले जाते. जुन्या क्लासचाच हा वारसा आहे. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये सभासद होताना प्रार्थना, उपस्थिती, दान आणि साक्ष यांच्याबरोबरच सेवेचेही वचन द्यावे लागते.

या सवयीचे परिणाम चर्चच्या भिंतींबाहेरही उमटले. सभा चालवणे, वर्गणी जमवणे, चारचौघांत उभे राहून बोलणे हे शेतमजुरांना कुठल्या शाळेने शिकवले नव्हते, ते त्यांना क्लासमध्ये आले. डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडलच्या सहा शेतमजुरांनी मजुरी टिकवण्यासाठी संघटना बांधली आणि १८३४ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट प्रवचनकार होता.

स्त्रियांची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. वेस्लीच्या हयातीत सेरा क्रॉस्बी, मेरी बोसँक्वे यांसारख्या स्त्रिया उपदेश करत. बोसँक्वेने १७६३ मध्ये लेटनस्टोन इथे अनाथालय सुरू केले. वेस्लीच्या मृत्यूनंतर मात्र १८०३ च्या परिषदेने स्त्रियांच्या उपदेशावर कडक बंधने घातली. सेवेचे ओझे स्त्रियांनी वाहायचे आणि व्यासपीठ पुरुषांचे, ही विसंगती पुढे दीर्घकाळ टिकली आणि तिचे समर्थन करता येत नाही. तरीही स्त्रियांनी वाट काढली. १८६९ मध्ये बॉस्टनमध्ये मेथडिस्ट स्त्रियांनी परदेश सेवेसाठी स्वतःची संस्था स्थापन केली आणि सभासदांकडून आठवड्याला दोन सेंट गोळा केले. या नाण्यांवर इझाबेला थोबर्न ही शिक्षिका आणि क्लारा स्वेन ही डॉक्टर भारतात पोहोचली. लखनौचे महाविद्यालय आणि बरेलीचे रुग्णालय त्यांच्या कामातून उभे राहिले.

वर्णभेदाचा डाग याहून गडद आहे. फिलाडेल्फियात चर्चमध्येच मिळणाऱ्या अपमानास्पद वागणुकीमुळे रिचर्ड ॲलन आणि अबसालोम जोन्स या कृष्णवर्णीयांनी वेगळी वाट धरली. १७८७ मध्ये त्यांनी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' ही परस्पर साहाय्याची संस्था सुरू केली. १७९३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ पसरली आणि ज्याला शक्य होते तो शहर सोडून पळाला. तेव्हा या दोघांनी आपल्या लोकांना संघटित करून आजाऱ्यांची शुश्रूषा केली, प्रेते उचलली, पुरली. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, असा त्या वेळी समज होता. तो खोटा ठरला आणि त्यांच्यातलेही कित्येक दगावले. साथ ओसरल्यावर त्यांच्यावरच नफेखोरीचा आळ घेण्यात आला. ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये हिशेबासह छापील उत्तर दिले. ॲलनच्या नेतृत्वाखाली १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले.

स्थानिक कामातून वाढलेल्या संस्था

एका मंडळीने आपल्या परिसरात सुरू केलेले काम मोठ्या संस्थेत बदलल्याची उदाहरणे अनेक आहेत. लंडनच्या रस्त्यांवर झोपणाऱ्या मुलांसाठी टॉमस बोमन स्टीव्हन्सन या पाळकाने १८६९ मध्ये आसरा उघडला. त्याची आजची ओळख 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन' अशी आहे. बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या पाळकाने १९०२ पासून सधन वस्त्यांतून जुने कपडे आणि घरगुती वस्तू गोळा करून बेरोजगारांकडून त्या दुरुस्त करून घेतल्या आणि विकल्या. त्यातून मजुरी निघाली आणि 'गुडविल इंडस्ट्रीज' आकाराला आली. सिडनीत ॲलन वॉकर यांनी १९६३ मध्ये 'लाइफलाइन' ही दूरध्वनीवरून आधार देणारी सेवा सुरू केली. तिथे फोन घेणारे बहुतेक प्रशिक्षित स्वयंसेवक असतात.

आजचे स्वरूप

आज मंडळीत स्वेच्छेने करण्याजोगी कामे जागेनुसार बदलतात. अन्नपेढीत धान्य आणि डबाबंद पदार्थांची वर्गवारी, एकटे राहणाऱ्या वृद्धांसाठी आठवड्याचे सामुदायिक जेवण, कडाक्याच्या थंडीत बेघरांसाठी रात्रीचा निवारा, लहान मुले आणि आया यांचे खेळगट, निर्वासितांना भाषा शिकवणे, रुग्णालयात आणि तुरुंगात भेटी, ही नेहमीची कामे. मंडळीचे सभासद नसलेल्यांनाही यांतली बहुतेक कामे करता येतात, श्रद्धेची अट नसते. संडे स्कूलमध्ये शिकवणे किंवा उपासना चालवणे यासाठी मात्र सभासदत्व आणि प्रशिक्षण लागते.

आपत्तीच्या वेळची एक पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. युनायटेड मेथडिस्ट चर्चची मदतसंस्था 'अमकोर' (स्थापना १९४०) हिच्यासाठी मंडळ्या पूरग्रस्तांच्या बादल्या भरतात. सुमारे १९ लिटरची झाकणाची बादली घ्यायची आणि तिच्यात घासायचे ब्रश, स्पंज, साबण, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, रबरी आणि जाड हातमोजे, तोंडाचे मुखवटे, कचऱ्याच्या पिशव्या ठरलेल्या संख्येने भरायच्या. सगळे सामान नवे कोरे हवे आणि यादीबाहेरचे काही घालायचे नाही. यादी इतकी काटेकोर असते कारण कुठलीही बादली कुठल्याही घरी गेली तरी चिखल काढायला लागणारे सगळे तिच्यात असावे लागते. शिवाय साबणाची एक बाटली सैल राहिली तर बाकीचे सामान वाटेतच खराब होते. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे एका टेबलाभोवती बसून हे काम करतात.

मुले आणि असहाय प्रौढ यांच्यासोबत काम करायचे असेल तर चांगल्या इच्छेवर भागत नाही. पार्श्वभूमीची पडताळणी, प्रशिक्षण आणि मुलांबरोबर एकट्या प्रौढाने कधीही नसणे हे नियम आता बहुतेक चर्चमध्ये सक्तीचे आहेत. चर्चच्या आवारात घडलेल्या अत्याचारांच्या कटू अनुभवातून ते आले आहेत. अशी पडताळणी म्हणजे आपल्यावरचा अविश्वास, असे काही जुन्या सभासदांना वाटते. पण मुलांच्या सुरक्षिततेपुढे कुणाच्याही मानापमानाचा प्रश्न येता कामा नये.

अडचणी आणि वाद

एकोणिसाव्या शतकात क्लास मागे पडत गेला. मंडळ्या मोठ्या झाल्या, रविवारच्या उपासनेला आले की पुरे असे वाटू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दर आठवड्याला एकमेकांना जाब देणारे लहान गट पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न झाले. दुसरा वाद सेवेच्या हेतूविषयीचा आहे. अन्नपेढी चालवायची की लोकांना अन्नपेढीच्या दारात उभे राहावे लागते त्या कारणांविरुद्ध बोलायचे? १९०८ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने सामाजिक जाहीरनामा काढून बालमजुरी बंद करण्याची आणि जगण्यापुरत्या वेतनाची मागणी केली होती. वेस्लीनेही १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. त्यामुळे या दोन्ही गोष्टी परंपरेत आहेत आणि एकीसाठी दुसरी सोडण्याचे कारण नाही.

युरोप आणि उत्तर अमेरिकेत सभासदांचे सरासरी वय वाढते आहे आणि तीच ती चार माणसे सगळी कामे ओढतात, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक मंडळीत ऐकू येते. काही ठिकाणी शेजारच्या इतर पंथांच्या चर्चबरोबर कामे वाटून घेतली जातात, तर काही मंडळ्या आपली इमारत आठवडाभर परिसरातल्या गटांना वापरायला देतात. दक्षिण भारतात १९४७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९७७ मध्ये मेथडिस्ट मंडळ्या इतर पंथांबरोबर संयुक्त चर्चमध्ये विलीन झाल्या. नवे वर्ष सुरू होताना त्यांच्यापैकी अनेक ठिकाणी आजही वेस्लीने १७५५ मध्ये रूढ केलेली, देवाशी केलेल्या कराराची उपासना होते. देवा, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, दोन्ही मला मान्य आहे, अशा आशयाची प्रार्थना सगळे सभासद तेव्हा एकत्र म्हणतात.