गावरान कोंबडी (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत परसात पाळली जाणारी देशी कोंबडी. अंडी आणि मांस या दोन्हींसाठी ती राखतात. ही एकजिनसी जात नव्हे. मोकळ्या पैदाशीमुळे एकाच खुराड्यात तांबूस, काळी, करडी, ठिपकेदार पिल्ले निघतात. उघड्या मानेचीही अधूनमधून दिसतात. अशा मानेवाटे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते, आणि तापीकाठचा उन्हाळा पाहता हा गुण लहान नाही.

पूर्ण वाढलेली कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलो भरते, कोंबडा दोन किलोच्या आसपास. अंडी वर्षाला 50 ते 70, तीही सलग नाहीत. दहा-पंधरा घातली की कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसते. लेअर (केवळ अंड्यांसाठीच्या व्यापारी) कोंबडीच्या 300 अंड्यांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, पण ही तुलनाच फसवी आहे. व्यापारी पैदाशीने खुडूकपणा दोष ठरवून काढून टाकला. परसात सगळे त्यावरच चालते. कोंबडीखाली अंडी मांडली की 21 दिवसांनी पिल्ले, ना यंत्र ना वीज. म्हणून सातपुड्यातल्या पाड्यांवर बरीच अंडी खाण्याऐवजी बसवतात, आणि हाती पैसा येतो तो आठवडे बाजारात विकलेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि कोंबड्यांतून.

दिवसभर ती खळ्यावरची ज्वारी-बाजरी, किडे, वाळवी टिपते; रात्री खुराडे किंवा डालगे. घार आणि मुंगूस पिल्ले नेतात, मात्र खरा घात मानमोडीचा (राणीखेत). त्यावर लस आहे, पण कुपी निदान शंभरेक मात्रांची आणि घरात कोंबड्या दहा. पाड्याने मिळून टोचून घेतली तरच परवडते. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आढळला, तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या.

मांस चिवट, शिजायला वेळ घेणारे. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी ही त्याची नेहमीची जोडी. कापण्याजोगी व्हायला पाच-सहा महिने लागतात, ब्रॉयलरला सहा आठवडे.

बंगळूरची गिरिराज व हैदराबादची वनराज या सुधारित कोंबड्या वजनाला आणि अंड्यांना सरस असल्या, तरी त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची पिल्ले दर खेपेला विकत आणावी लागतात.