भोवऱ्यासारखा बॉल आणि 11 पैकी 11

1906 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम 11 मॅच खेळली आणि 11 च्या 11 जिंकली. सगळ्या मिळून 407 पॉइंट केले, समोरच्यांना सगळे मिळून फक्त 11 करू दिले. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन हां, तो लांबट बॉलवाला, आपला लाथा मारायचा नाही.) आता एवढा एकतर्फी सीझन म्हटल्यावर वाटतं पोरं लय दांडगी असणार, पण खरी गंमत बॉल फेकायच्या पद्धतीत आहे.

त्याच्या आदल्या वर्षी हा खेळ जवळजवळ बंदच पडणार होता. बॉल पुढे फेकायला परवानगीच नव्हती, त्यामुळे सगळे घोळका करून एकमेकांत घुसायचे. 1905 च्या सीझनमधे 18-19 पोरं मेली असा आकडा तेव्हाच्या पेपरांत आला होता. प्रेसिडेंट रूझवेल्टनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाऊसमधे बोलावून घेतलं, मग 1906 ला नियम बदलले आणि पुढे पास द्यायला परवानगी मिळाली. पण अट कशी, तर पास कुणाच्याही हाताला न लागता खाली पडला की बॉल सरळ समोरच्या टीमला. म्हणजे कोण कशाला रिस्क घेईल!

सेंट लुईसचा कोच एडी कोकेम्सने घेतली. उन्हाळ्यात टीमला विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूला इथे घेऊन गेला आणि पासची प्रॅक्टिस करून घेतली. 5 सप्टेंबरला कॅरोल कॉलेजशी मॅच. ब्रॅडबरी रॉबिन्सन नावाच्या पोराने (हा मेडिकलचा स्टुडंट) पहिला पास टाकला, तो पडला, बॉल गेला. नंतर त्यानेच जॅक श्नायडरला 20 यार्डांचा पास दिला आणि थेट टचडाउन (म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन पॉइंट). मॅच 22-0.

आता सायन्स. लांबट वस्तू नुसती फेकली तर काय होतं? हवेचा जोर तिच्या नाकाकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या भागावर जास्त बसतो, नाक वर उचललं जातं, बॉल कोलांट्या खायला लागतो, मग रुंद बाजू हवेला अडते आणि वेग मरतो. रॉबिन्सनची बोटं बॉलच्या लेसवर (शिवणीवरच्या वर आलेल्या दोरीवर) असायची. चामडं गुळगुळीत, बोटं अडकवायला जागा तेवढीच. सोडताना बोटांनी पीळ दिला की बॉल लांबीच्या अक्षाभोवती गरगर फिरत जातो.

फिरणारी वस्तू हट्टी असते. भोवरा आठवा, जाळी ओढून जमिनीवर सोडला की गुरुत्वाकर्षण त्याला पाडायला बघतं, पण तो पडत नाही, नुसता डुलत डुलत आपला अक्ष गोल फिरवतो. बॉलचं तसंच, फक्त इथे पाडायचं काम हवा करते. हवा नाक वर ढकलते आणि नाक वर जायच्या ऐवजी बाजूला सरकतं, तिथून खाली, असं बॉल ज्या दिशेला चाललाय त्या दिशेभोवती हळूहळू घुटमळत राहतं. म्हणून बॉल वर चढताना नाक वर असतं आणि उतरताना खाली, जणू कुणी वळवतंय. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जादूच वाटली, कारण नुसता हट्टीपणा असता तर नाक शेवटपर्यंत वरच राहिलं असतं ना.

त्याशिवाय एक जलद थरथर असते, ती बॉल हातातून नीट न सुटल्यामुळे येते. आजच्या बॉलमधे साधारण बॉलच्या 5 फेऱ्यांमागे 3 वेळा थरथर, आणि तो हिशोब हवेचा नाही, बॉलच्या आकाराचा.

सीझनच्या शेवटी आयोवाला 39-0 हरवलं त्या मॅचमधे 10 पैकी 8 पास पकडले गेले. आणि हे सगळं तेव्हाच्या जाडजूड, जवळपास कलिंगडासारख्या बॉलने! पुढे पास वाढत गेले तसा नियमवाल्यांनी बॉलच बारीक करत आणला, 1934 मधे शेवटची मोठी काटछाट झाली आणि तो एका हातात नीट बसायला लागला.