जोड आणि भाव : एमएमएमधील ‘अंडरडॉग’ हेरण्यामागचा इतिहास

एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती यांची मिश्र लढत) या खेळातले दोन उगवते लढवय्ये शेजारी ठेवून त्यांतला कमी पसंतीचा, तरीही जिंकू शकेल असा ‘अंडरडॉग’ कोण, हे हेरण्याची चढाओढ परदेशी सट्टाबाजारात सतत चालते. कोल्हापूरच्या तालमींना यातली तुलना मुळीच नवी नाही. शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1912 साली खासबाग मैदान उभे राहिले, आणि तेव्हापासून आजवर जोड लावताना, म्हणजे कोणाची कुस्ती कोणाशी लावायची हे ठरवताना, वस्ताद मंडळी वजन, दमसास, हुकमी डाव आणि पूर्वी कोणाशी हात मिळवला, एवढे सगळे पाहतात. फरक हेतूचा आहे. जोड लावणाऱ्याला बरोबरी हवी असते, कारण ती चुकली तर कुस्ती एकतर्फी होते. पैज लावणारा मात्र पसंतीतली चूक शोधत असतो. अशी चूक कुस्तीशौकिनांनीही पाहिली आहे. 1977 साली बेळगावात गंगावेस तालमीच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी नावाने भारी असलेल्या दिल्लीच्या सतपाल यांना अस्मान दाखवले.

एमएमएमध्ये मात्र तालमीत तयार झालेली नजर एका ठिकाणी फसते. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. एमएमएमध्ये पाठीवर पडलेल्याची लढत कधीकधी तेव्हाच सुरू होते. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हरला झालेल्या यूएफसी या एमएमए स्पर्धेच्या पहिल्या पर्वात जेमतेम 80 किलोच्या, ब्राझिलियन जुजुत्सू खेळणाऱ्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन प्रतिस्पर्धी हरवले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये डॅन सेव्हर्न हा त्याच्याहून कितीतरी जड कुस्तीगीर पंधरा मिनिटांहून अधिक चाललेल्या लढतीत बहुतेक वेळ त्याच्या छाताडावर होता, आणि तरीही ग्रेसीने खालूनच पायांचा त्रिकोणी फास आवळून त्याला हार मानायला लावली. आपल्याकडचा कोणताही पंच ती कुस्ती केव्हाच निकाली ठरवून मोकळा झाला असता. म्हणून नवोदितांची तुलना करताना पट (पाय धरून खाली पाडण्याचा डाव) कोण काढतो यापेक्षा पट निघाल्यावर खालचा काय करतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

अपराजित विक्रमाचेही तसेच. गावोगावच्या जत्रांत नारळाच्या बक्षिसावरच्या कुस्त्या मारून आलेला पोरगा आणि मोठ्या मैदानात दोनदा हरलेला मल्ल यांत वस्ताद दुसऱ्याला सहसा हलका धरत नाही. सट्ट्याचा भाव मात्र पुष्कळदा एकही हार नसलेल्या कोऱ्या पाटीकडे झुकतो.

हा भाव म्हणजे शक्यतेचेच दुसरे रूप. एकाला 2.50 भाव असेल, म्हणजे तो जिंकल्यास लावलेल्या एका रुपयाचे अडीच रुपये मिळणार असतील, तर बाजार त्याला 40 टक्के संधी देतो; समोरच्याला 1.55 असेल तर सुमारे 64.5 टक्के. बेरीज शंभरावर जाते, आणि वरचे साडेचार टक्के हा सट्टा चालवणाऱ्याचा वाटा. आपल्या अभ्यासाने पहिल्याची संधी 40 टक्क्यांहून जास्त, समजा 45 टक्के, भरत असेल तरच तो निवडण्याजोगा अंडरडॉग. तरीही तो हरण्याचीच शक्यता जास्त, हे पुष्कळजण विसरतात.

महाराष्ट्रात ही तुलना कट्ट्यावरच्या चर्चेपुरतीच राहिलेली बरी. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा येथे लागू आहेच, शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. परदेशातही भाव नेहमी निर्मळ नसतो : नोव्हेंबर 2022 मध्ये यूएफसीच्या एका लढतीआधी काही तासांत एका बाजूवर अचानक पैसा लोटला, विरुद्ध बाजूचा लढवय्या पहिल्याच फेरीत हरला आणि प्रकरण चौकशीपर्यंत गेले.